पिवळा रंग गेला, पण क्रोमियम गेलं का?

मृण्मयी_मायक्रो: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवला, ऑटोक्लेव्हमध्ये मारला, वाळवून खलबत्त्यात कुटला. ५० पीपीएम क्रोमियम-सहाच्या (क्रोमियमचं पिवळं रूप) द्रावणात, पीएच २ ला, ती भुकटी टाकून शेकरवर ठेवली. पिवळेपणा गेला. क्रोमियम-सहा असलं की जांभळा रंग देणारं डायफेनिलकार्बाझाइड घातलं तर जांभळी छटासुद्धा नाही! १०० टक्के बायोसॉर्प्शन, म्हणजे सगळं क्रोमियम भुकटीनं धरून ठेवलं, असं लिहू ना? गाईड म्हणतात, लिही. आणि मेलेल्या पेशी धातू धरतात कशा, हे व्हायवात विचारणारच.

ईटीपीवाला_भोसरी: ताई, एवढ्यात लिहू नका. ती टेस्ट फक्त क्रोमियम-सहा दाखवते. आमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणात, प्लेटिंगच्या (धातूच्या मुलाम्याच्या) धुण्याच्या पाण्यात पीएच २-३ ला मेटाबायसल्फाइट टाकलं की पिवळं पाणी हिरवट होतं आणि जांभळा रंग येणं बंद. क्रोमियम कुठं गेलं? कुठंच नाही, सहाचं तीन झालं. मग कॉस्टिक सोडा घालून पीएच साडेआठपर्यंत नेल्यावर कुठं त्याचा गाळ बसतो.

तुमची भुकटीही आम्लात तेच करते. पेशीभित्तीवरच्या कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो. तांबं, निकेल, शिसं हे धनभारित आयन त्यावर बसतात, पण पीएच ५ च्या आसपास. क्रोमेट पडलं ऋणभारित. पीएच २ ला अमिनो गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतात म्हणून ते चिकटतं, आणि तिथंच त्याचं क्रोमियम-तीन होतं. ते धनभारित, त्यामुळं एवढ्या आम्लात बरंचसं सुटून परत पाण्यात. गाळून घेतलेल्या पाण्यातलं एकूण क्रोमियम एएएसवर (कुठल्याही रूपातला धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.

मृण्मयी_मायक्रो: बाप रे, सबमिशन तोंडावर आलंय! दादा, मग जिवंत पेशीच वापरायला हव्या होत्या का?

ईटीपीवाला_भोसरी: छे. प्लेटिंगच्या पाण्यात त्या जगणार किती, आणि त्यांना खायला कोण घालणार? मेलेलीच बरी.

प्रयोगशाळा_काका: तुलनेसाठी भुकटीशिवायचा एक फ्लास्क ठेवलाय ना? पुढे शिसं घेणार असशील तर फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) अजिबात नको, लेड फॉस्फेटचा साका बसतो आणि पोरं त्याला बायोसॉर्प्शन म्हणतात. पाणी सतत सोडायला कॉलम (उभी नळी) भरायचा तर भुकटी तुंबते, म्हणून ती अल्जिनेटच्या जेलमध्ये बांधून मणी करतात. पण अल्जिनेट स्वतःच धातू धरतं, तेव्हा रिकामे मणीही तपास.