जुन्या डेस्कटॉपचा माऊस अचानक बंद पडला तेव्हा तुम्ही काय केलंत?

बाबांच्या दुकानाची उधारी अजून जुन्या पेंटियम ४ वर आहे, विंडोज एक्सपीवर. दिवाळीची साफसफाई झाली आणि दुसऱ्या दिवशी बाण पडद्याच्या मधोमध थिजलेला. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, आता नवीन घ्या." बाबा दिवसभर गप्प होते.

रविवारी मी कॅबिनेट पुढे ओढून मागे टॉर्च मारला. झाडताना वायर निघाली होती आणि कुणीतरी अंदाजाने दाबून बसवली होती. गोल प्लगच्या सहा पिनांपैकी एक आडवी झालेली. रिकाम्या बॉलपेनची रिफिल त्या पिनेवर चढवून अगदी हळू सरळ केली. संगणक चालू असतानाच वायर खुपसली, तर बाण तसाच. तेव्हा मला रडूच आलं. संध्याकाळी बंद करून पुन्हा सुरू केला आणि बाण हलला! हा गोल पीएस/२ पोर्ट साधारणपणे संगणक सुरू होतानाच माऊस ओळखतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

असे संगणक अजून कितीतरी घरांत, दुकानांत आहेत. धड असलेलं यंत्र एका वायरीपायी भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय झालं, कशाने सुटलं, सविस्तर लिहा.

*

ताई, पिन सरळ केलीत ते उत्तम. पण पीएस/२ ची वायर चालू संगणकात काढू-घालू नका. काही जुन्या बोर्डांवर तेवढ्याने फ्यूज उडतो, आणि मग खरंच बोर्डाचं काम निघतं. मी वीस वर्षं दुरुस्ती करतोय, म्हणून कळकळीने सांगतो.

आणखी एक. १९८७ साली आयबीएमच्या पर्सनल सिस्टिम/२ या संगणकांबरोबर हे पोर्ट आले, नाव तिथूनच पडलं. माऊसला हिरवा आणि कीबोर्डला जांभळा हे रंग मात्र 'पीसी ९९' या संगणक बनवणाऱ्यांसाठीच्या नियमावलीपासून रुळले. त्याआधीच्या यंत्रांत दोन्ही भोकं सारखीच काळी असायची आणि प्लग दोन्हींत बसायचा. माऊस आणि कीबोर्ड एकदमच बंद पडले, तर आधी अदलाबदल झाली आहे का ते बघा. माझ्याकडे 'मेलेले' म्हणून आलेले कितीतरी संगणक एवढ्यावर परत गेले.

*

सांगलीत २००२ च्या सुमाराला माझा सायबर कॅफे होता, आठ मशीन. सगळे गोळीचे माऊस. बाण उभा सरकतो पण आडवा अडतो, अशी तक्रार आली की मी वायरीला हातच लावायचो नाही. खालची चकती फिरवायची, गोळी काढायची, आतल्या दोन रुळांवर मळाची काळी पट्टी बसलेली असते ती नखाने खरवडायची. बाण एकाच दिशेने अडत असेल तर मळ, अजिबात हलत नसेल तर जोडणी. या एका खुणेने माझे खूप पैसे वाचले.

*

मला लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात यूएसबी माऊस आणि वर तो गोल पोर्टात लावायचा छोटा हिरवा कन्व्हर्टर दिला. घरी आणून जोडला, तर दिवासुद्धा लागेना. दोनदा बदलून आणला, तेच. शेवटी शेजारच्या दुकानातल्या वयस्कर काकांनी समजावलं: त्या कन्व्हर्टरमध्ये फक्त तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात, त्यात बुद्धी काही नाही. माऊसला स्वतःला यूएसबी आणि पीएस/२ या दोन्ही भाषा यायला हव्यात. हल्लीच्या बऱ्याच माऊसना फक्त यूएसबीच येते. मग मी कन्व्हर्टर बाजूला ठेवला आणि माऊस थेट मागच्या यूएसबीत लावला. चालला. (पुढच्या पॅनेलवरच्या पोर्टांचा भरवसा धरू नका, आतली वायर बरेचदा बोर्डावरून सुटलेली असते.)

*

माऊस गेला म्हणून घाबरून थेट वीज बंद करणाऱ्यांसाठी. आधी कंट्रोल आणि एस दाबून काम जतन करा. मग एक्सपीत विंडोज बटण, यू, पुन्हा यू, की संगणक नीट बंद होतो. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून एंटर केलंत तर उजवीकडच्या आकड्यांनी बाण फिरतो, पाचने क्लिक होतं. मी शाळेत कारकून होते. निकालपत्रकांच्या दिवसांत माऊस बंद पडला, तेव्हा दोन दिवस सगळं काम असंच केलं.

*

मी न्यू जर्सीत, आई डोंबिवलीत. तिच्या संगणकात तिच्या आईच्या ओव्यांची टाइप केलेली पानं आहेत. माऊस बंद पडला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिला म्हटलं, "आई, माऊस उलटा कर. लाल दिवा दिसतो का?"

"नाही रे."

म्हणजे वीजच पोचत नव्हती. दुसऱ्या पोर्टात लावायला सांगितला, तरी दिवा नाही. "आता वायर माऊसपाशी जिथून निघते, तिथे धरून जरा वाकव." दिवा लुकलुकला. वायर आतून तुटली होती, संगणकाला काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने नवा माऊस आणून दिला. संध्याकाळी आईने मला पुढची ओवी वाचून दाखवली.