आधी अंगावर मांस येऊ दे, मग जिम – हे कोणी ठरवलं?

लांबपल्ला

कालच्या धाग्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाने साधा प्रश्न विचारला होता. उंची १७४ सेंमी, वजन ५१ किलो, सगळे काडीपैलवान म्हणतात, अंगाने भरायचंय, काय करू? त्यावर जुना_खेळाडू यांचं उत्तर, जसंच्या तसं: "आधी वजन साठच्या पुढे ने, मग जिमचं तोंड बघ. हाडावर नुसती कातडी असताना वजनं उचललीस तर आहे तेवढंही जळेल आणि उंची खुंटेल ती वेगळीच. तोवर धावणं-खेळणं बंद, दुपारी झोप आणि दिसेल ते खा." खाली अंगठ्यांची रांग लागलीये. तिथे चार ओळीत लिहून भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

दादा, राग मानू नका, पण व्यायाम नसताना नुसतं खाल्लं तर शरीराने स्नायू कशासाठी बांधायचे? विटांचा ढीग आणून टाकला आणि गवंडीच बोलावला नाही तर भिंत उभी राहत नाही. स्नायूंवर ताण पडला, तो हळूहळू वाढत गेला, तरच खाल्लेल्यातला बरा वाटा तिकडे जातो, नाहीतर जातो तो पोटावर. माझ्या मावसभावाला घरच्यांनी असंच चारलं होतं. वजन वाढलं, हो, नक्की वाढलं, मनगट मात्र तेवढंच आणि शर्टाचं पोटावरचं बटण तेवढं लागेना. मग तेच घरचे त्याला "आता जरा कमी खा" म्हणायला लागले.

आणि "आहे तेवढंही जळेल" म्हणजे नेमकं किती जळेल? ५१ किलोच्या पोराने तासभर वजनं उचलली, मधे सेटच्या मधली विश्रांती धरून, तर दीड-दोनशे कॅलरी, फार तर अडीचशे. साईसकट दुधाचे दोन ग्लास प्यायले की हिशोब पुरा. रोजच्या गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त खायच्या आणि आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम करायचा, दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचं. आधी हे मग ते असा क्रम नाहीच मुळी.

जुना_खेळाडू

वा, माझ्या नावाने धागा. आभारी आहे. तुम्ही कॅलरी मोजा, मी माणसं बघितलीयेत. आमच्यावेळी एकजण पंधराव्या वर्षी बारबेलला लटकला, आज पन्नाशीत आला तरी माझ्या खांद्याला लागतो. वेटलिफ्टिंगवाले बघा कधी टीव्हीवर, उंच किती दिसतात? डोळ्यांनी दिसतंय ते नाकारायला अभ्यास लागत नाही.

आणि "दिसेल ते खा" म्हणालो ते ज्याला भूकच नाही अशा पोरासाठी. आधी खायची सवय तर लागू दे. तुम्ही पहिल्या दिवसापासून कॅलरींचा हिशोब त्याच्या गळ्यात बांधा, बिचारा जेवण बघून घाबरेल.

रात्रपाळी

मी दवाखान्यात काम करते, त्यामुळे उंचीचं ऐकून ऐकून कान किटलेत. बास्केटबॉल खेळून माणूस उंच होत नाही, उंच माणूस बास्केटबॉलमध्ये टिकतो. इथे त्याचं उलट आहे. बुटक्या माणसाला बार कमी अंतर वर न्यावा लागतो, म्हणून त्या खेळात तो पुढे जातो. नीट शिकवणारा समोर असेल तर वजनं उचलून उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे, आणि २०२०च्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) सूचना तर उलटंच सांगतात, ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारं काहीतरी करावंच.

हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिला इजा होऊ शकते हे खरंय. कधी होते? मित्रांसमोर "माझं मॅक्स किती", म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलतो, ते बघायला पाठ वाकवून नको तेवढं ओढतात तेव्हा. फुटबॉलमध्ये उडी मारून जमिनीवर येताना पायाच्या हाडांवर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्याला कोणी उंची खुंटेल म्हणून अडवत नाही. उंची खरोखर खुंटवणारी गोष्ट म्हणजे अंग फुगवायला घेतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि गोळ्या, त्याने ती कूर्चा वेळेआधी बंद होते. त्यावर मात्र धाग्यात एक अक्षर नाही.

एका_मुलाची_आई

हे सगळं ठीक आहे हो, पण तुम्ही "जास्त खा जास्त खा" असं म्हणताय जणू मुलं उपाशी असतात. माझा मुलगा पंधराचा, दोन माणसांचं जेवतो आणि तरी फुंकर मारली तर उडेल असा. त्याची चयापचयच तशी आहे, त्याच्या बाबांचीही तशीच होती. नातेवाईक माझ्याकडे असं बघतात जसं मी त्याच्या ताटातलं काढून घेते. लग्नाकार्यात गेलं की पहिला प्रश्न, "काय गं, खायला देत नाहीस का?" आता इथेही तेच ऐकायचं का?

लांबपल्ला

ताई, तुमच्यावर आरोप नाही. पण "दोन माणसांचं जेवतो" हे जवळजवळ प्रत्येक बारीक मुलाच्या घरी ऐकू येतं. तीन दिवस तो जे तोंडात टाकेल ते लिहून काढा. नुसतं रात्रीचं जेवण नाही, सगळं.

एका_मुलाची_आई

म्हणजे मी खोटं बोलतेय? पंधरा वर्षं त्याला मी वाढवलंय की तुम्ही? स्वतःची मुलं आहेत का हो तुम्हाला? सल्ला द्यायला काय जातं.

किरकिरी

झालं सुरू. मी मधे पडते कारण मला वेगळंच विचारायचंय. "बारीक मुलगा" म्हटलं की अख्खा धागा कॅलरी, वजनं, कूर्चा. बारीक मुलगी असती तर? "नशीबवान आहेस, काहीही खा." मी शाळेत धावायचे, बारावं-तेरावं सरलं तसं वजन वाढायचं सोडून थांबलं, पाळी कित्येक महिने गायब, आणि कोच काय म्हणाले तर हलकं अंग वेगाला बरं. कोणी एकाने विचारलं नाही की ही पुरेसं खातेय का. पुढे जिममध्ये गेले तर ट्रेनरने हातात गुलाबी डंबेल दिले, जेमतेम एक किलोचे, म्हणे टोनिंग करा. माझं दप्तर त्याहून जड असायचं!

रात्रपाळी

किरकिरी, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जायचं, "खेळाडूंचं असं होतंच" म्हणून सोडायचं नाही. खाणं कमी आणि दमवणं जास्त झालं की हाडंही कमकुवत होतात.

आणि आई, तुमचंही पूर्ण चूक नाही. १९९९ मध्ये सायन्स नियतकालिकात एक प्रयोग आला होता. सोळा प्रौढांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, कोणाची चार किलोंच्या वर. मुख्य फरक पडला तो नकळतच्या हालचालीत: पाय हलवणं, उठबस, येरझाऱ्या. काहींचं शरीर जास्त मिळालं की जास्त हलायला लागतं. म्हणजे असा मुलगा असतो. पण त्यालाही उपाय तोच निघतो, अजून थोडं जास्त खाणं.

जुना_खेळाडू

बघा, हालचालीत जातं! मी काय म्हणालो होतो? खेळणं बंद.

लांबपल्ला

अहो, खुर्चीत बसून पाय हलवण्याबद्दल चाललंय. त्याचं खेळणं बंद करून तुम्ही पाय बांधणार आहात का? आणि खेळणारं पोर बसवलं की भूक पण बसते.

बेंचवरचा

जिम जिम करणाऱ्यांनी हेही ऐका. माझ्या भाच्याला एका जिमच्या ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा गळ्यात मारला. मी डबा फिरवून मागचं वाचलं, पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त तेच, साखरेचंच भावंड. आत चमचा म्हणून जो दिला होता तो चहाच्या मगाएवढा, आणि एका वेळी असे दोन घ्यायचे. पोराचं पोट चार दिवस बिघडलं. ट्रेनर म्हणतो बॉडी ॲडजस्ट करतेय. त्यानंतर "पुढचं काहीतरी" द्यायची भाषा सुरू झाली तेव्हा बहिणीने जिमच बंद केली. म्हणून मला जुना_खेळाडूंचं पटतं, पोरांना त्या जागी पाठवूच नये.

लांबपल्ला

ट्रेनर विक्रेता निघाला यात डंबेलचा काय दोष? "पुढचं काहीतरी" ऐकून तिथून उठून आलात हे मात्र बेस्ट केलंत.

शून्यप्रहर

मी तोच मुलगा. दोन दिवस वाचतोय. कोणीतरी सांगेल का मी उद्यापासून नक्की काय करू? जिम परवडणार नाही. सकाळी भूकच लागत नाही, शाळेत दोन घास खातो, संध्याकाळी फुटबॉल, रात्री झोपायला एक वाजतो. आणि वजन कमी नाही होत आहे, वर्षभरात उंचीच एकदम वाढली.

रात्रपाळी

बरं झालं बोललास. मोठ्यांचा १८.५चा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, त्याखाली कमी वजन) तुला लावू नकोस, तुझ्या वयाला वेगळा तक्ता असतो. तुझा १६.८च्या आसपास येतो, त्या तक्त्यात खालच्या रेषेच्या अगदी जवळ. उंची आधी धावते आणि मांस मागून येतं हे तुझ्या वयात नेहमीचंच. तरी एकदा डॉक्टरला दाखव, हिमोग्लोबिन, थायरॉइड काय बघायचं ते बघतील. आणि वजन उतरायला लागलं, सारखी तहान, सारखी लघवी, जुलाब, खोकला किंवा ताप रेंगाळतोय असं काही असेल तर थांबू नकोस.

लांबपल्ला

सकाळी भूक नसेल तर चावू नकोस, पी. मोठा ग्लास दूध, एक केळं, दोन चमचे भरून शेंगदाण्याचं बटर, मिक्सरला फिरव. साडेचारशे-पाचशे कॅलरी आणि १७-१८ ग्रॅम प्रोटीन तिथेच झालं. दूध सोसत नसेल तर दही किंवा सोयाचं दूध. शाळेत एक डबा जास्तीचा, त्यात अंडी, भाजलेले शेंगदाणे, काहीही जे थंड झालं तरी खाल्लं जाईल. प्रोटीनचं म्हणशील तर २०१८च्या ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधल्या मोठ्या आढाव्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा थांबलेला दिसतो, तुझ्यासाठी ते ८० ग्रॅमच्या आसपास. दूध, अंडी, कडधान्यं, मासे यातून होतं. क्रिएटिन वगैरे ताकदीच्या पावडरी अठरापर्यंत विसर.

जिम नको. दप्तर पुस्तकांनी भर, पट्टे घट्ट ओढ म्हणजे ते पाठीवर हलणार नाही, आणि ते लावून स्क्वॉट, म्हणजे उठाबशा. तेच दप्तर हाताने धरून कमरेत वाकून पोटाकडे ओढ, पाठ सरळ. जोर. कुठे आडवा बार मिळाला तर पुलअप, म्हणजे लटकून हनुवटी बारच्या वर न्यायची, एकही निघत नसेल तर उडी मारून वर जा आणि जमेल तेवढं सावकाश खाली ये. प्रत्येक सेटमधले शेवटचे दोन रेप्स (वेळा) जड गेले पाहिजेत. सोपं वाटायला लागलं की अजून एक पुस्तक. महिन्याला किलोभर वाढलं तरी भरपूर. आणि एक वाजता झोपणं बंद कर रे, तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात.

एका_मुलाची_आई

लिहिलं तीन दिवस. सकाळी निम्मा ग्लास दूध, तेही सिंकमध्ये ओतलेलं मी पकडलं. डबा मित्रांना वाटतो. दुपारी बिस्किटं. रात्री मात्र ताट चाटूनपुसून, आणि तेवढंच माझ्यासमोर होतं. झालं समाधान? पण तुमची बोलायची पद्धत वाईट होती ती होतीच.

जुना_खेळाडू

दप्तर आणि जोर. म्हणजे शेवटी जिम नाहीच, मी पण तेच म्हणत होतो! जोर आम्हीही मारायचो. मार बाबा, जोराला माझी ना नाही. ते मॅक्स-बिक्सच्या भानगडीत पडू नकोस, त्या ताई म्हणतात ते एक बरोबर आहे. फुटबॉल मात्र थोडे दिवस बाजूला ठेव.

शून्यप्रहर

थँक्यू सगळ्यांना. फुटबॉल सोडणार नाही काका.

किरकिरी

छान. मुलीही हेच दप्तर उचलू शकतात का, एवढं कोणी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

लांबपल्ला

उचलू शकतात. हेच दप्तर, हेच सेट. लिहिलं.

किरकिरी

मागून घ्यावं लागलं पण.