फॅटबाईक आणि स्की : अर्धा सराव रेतीत होतो

भाऊ, ‘विदर्भात बर्फच नाही, मग फॅटबाईक अधिक स्की टूरिंगची तयारी कुठं करायची,’ असं विचारलं तुम्ही. (फॅटबाईक म्हणजे जाड टायरची सायकल, आणि स्की टूरिंग म्हणजे पायात स्की घालून बर्फात चढत-उतरत भटकणं.) स्कीचा सराव इथं होत नाही, तो विषय सोडा. सायकलीचा मात्र वैनगंगेच्या पात्रात मस्त होतो. हिवाळ्यात पाणी ओसरलं की रेतीचे पट्टे उघडे पडतात. 4 इंची टायरात 6-8 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, हलका गिअर, आणि बूड सीटवरच. उभं राहून जोर लावला की मागचं चाक रुतलंच समजा. दाबलेल्या बर्फावरही हेच तंत्र चालतं. ताज्या, खोल बर्फात सायकल ढकलावीच लागते. तिथूनच स्कीचं काम सुरू होतं.

आणखी एक गोष्ट. 25 अंशात 8 पीएसआय भरून उणे 10 मध्ये गेलात तर गेजवर जेमतेम 5 उरतात. म्हणून हवा बाहेरच्या थंडीतच तपासा.

स्की पाठीवर तिरप्या बांधू नका, त्यांची मागची टोकं मागच्या चाकाला घासतात. पिशवीच्या दोन्ही बाजूंना उभ्या, नाहीतर सरळ कॅरिअरला बांधा. नदीवर सराव करताना तेवढ्याच लांबीच्या बांबूच्या कामट्या बांधून पाहा, वळताना तोल कसा जातो ते कळतं. (गावातली पोरं हसतील, हसू द्या.) नदीपर्यंतच्या पांदणीत बाभळीचे काटे असतात, ट्यूबलेस सीलंटशिवाय (टायरात भरायचं, भोक बुजवणारं द्रव) निघूच नका.