मुलीला दीर्घिकासमूहांवर पीएचडी करायची आहे. हे काम नेमकं कसं असतं?

मिरजकर_अण्णा
नमस्कार मंडळी. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) समूहांवर संशोधन करायचंय. आमचा विरोध नाही, पण माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे यातलं ओ की ठो कळत नाही. रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं असतं का? पगार कोण देतं? पुढे नोकरी कुठे? तिची आजी रोज विचारते, "पोरगी करणार काय?" आजीला सांगता येईल असं काहीतरी सांगा.

जुनं_गिऱ्हाईक
सोबत बँकेची परीक्षाही द्यायला लावा, हलकेच घ्या. कोमानिवासी ताई याच क्षेत्रातल्या आहेत. ताई, इकडे या!

कोमानिवासी
आले. अण्णा, मी म्युनिकजवळ असते, समूहांमधून येणाऱ्या क्ष-किरणांवर काम करते. एमएस्सी पुण्यात, पीएचडी जर्मनीत, त्यानंतर बॅगा भरणं आणि उघडणं.

रात्र जागायचा माझ्या कामात संबंधच नाही. क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून त्यांच्या दुर्बिणी अवकाशात असतात. 'चंद्रा' आणि 'एक्सएमएम-न्यूटन' या दोन्ही १९९९ साली गेल्या. त्यांच्याकडे वर्षातून एकदा अर्ज करायचा, की अमुक समूहाकडे एक लाख सेकंद बघा. आमच्यात वेळ सेकंदांतच मागतात. एक लाख म्हणजे साधारण २८ तास. मागणी वेळेच्या कितीतरी पट असते, त्यामुळे बहुतेक अर्ज परत येतात. वेळ मिळालाच तर यथावकाश एक फाइल हातात पडते. तिच्यात प्रत्येक फोटॉनची, म्हणजे क्ष-किरणांच्या एकेका कणाची, नोंद असते: कुठे पडला, केव्हा पडला, किती ऊर्जेचा होता. लांबच्या समूहाचे काहीशे फोटॉन मिळाले तरी आम्ही खूश. तिथून पुढे लॅपटॉप, पायथन आणि डोकेदुखी.

हे सगळं कशासाठी, तर वजनासाठी. समूहात शेकडो दीर्घिका असतात, पण एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा किरकोळ. त्यांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो, तो त्यांच्याहून बराच जड. उरलेलं, म्हणजे सुमारे ८५ टक्के, कृष्णद्रव्य, जे दिसत नाही, फक्त त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं. फ्रिट्झ झ्विकीनं १९३३ साली कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले आणि लिहिलं, की दिसणारं वस्तुमान एवढंच असेल तर हा समूह कधीच विखरून जायला हवा होता. पुढची काही दशकं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. (शोधनिबंध परत आला की मला झ्विकीची आठवण येते.)

विश्वाच्या कुठल्या काळात जड समूह किती होते हे मोजलं, की विश्वात पदार्थ किती आहे आणि तो कितपत गोळा झालाय हे काढता येतं. घोडं अडतं ते वजनापाशी. वायूच्या तापमानावरून एक आकडा येतो, दीर्घिकांच्या वेगांवरून दुसरा आणि समूहामागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकला त्यावरून तिसरा. तोच डबा तीन दुकानांतल्या काट्यांवर ठेवावा तसं. त्यात जड समूह फार मोजके, म्हणून वजन जरा चुकलं तरी मोजणीचं गणित भलतीकडे जातं. माझी बरीचशी कारकीर्द या काट्यांच्या तपासणीतच चाललीय. आजींना सांगा, नात वजनमापं तपासणार आहे.

आता ज्याबद्दल जाहिरातीत कुणी लिहीत नाही ते. आपलं करिअर अशा यंत्रांच्या हातात असतं ज्यांच्यावर आपला काडीचा ताबा नसतो. वायूवरून वजन काढताना तो स्थिर आहे असं धरतात. तो खरंच स्थिर आहे का हे बघायला जपानचा 'हितोमी' उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये उडाला. पर्सियस समूहाच्या गाभ्यात वायूची खळबळ सेकंदाला १६४ किलोमीटर निघाली, म्हणजे बऱ्याच जणांना वाटलं होतं त्यापेक्षा शांत. आणि मार्चअखेर उपग्रहच हातचा गेला. त्याच्या जागी 'क्रिझम' गेला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. मधली सात वर्षं म्हणजे एक अख्खी पीएचडी आणि वर एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरची करारावरची संशोधनाची नोकरी)!

'इरोसिटा'ची तऱ्हा आणखी वेगळी. दुर्बीण जर्मन, यान रशियन, उड्डाण २०१९. त्यांनी आकाशाची चक्क वाटणी केली होती, अर्ध्या आकाशाची माहिती जर्मनीची आणि अर्ध्याची रशियाची. सबंध आकाशाच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. चार झाल्या, पाचवी चालू होती आणि युक्रेनवर हल्ला झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्बीण झोपवली. तरी पहिल्या फेरीतच, नुसत्या जर्मन अर्ध्यात, १२ हजारांवर समूह सापडले. त्यातले ५,२५९ निवडून २०२४ मध्ये हिशोब मांडला. आधी युरोपच्या 'प्लांक' उपग्रहाच्या मोजणीत समूह अपेक्षेपेक्षा कमी भरले होते. इथे तशी तूट दिसली नाही. कुठला काटा खरा, यावर अजून जुंपलेली आहे, म्हणजे तुमच्या मुलीला काम शिल्लक आहे.

पैशाचं थोडक्यात. जर्मनीत पीएचडी बहुतेकदा पगारी नोकरीच असते. भारतात जेआरएफ ही पीएचडीची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार, शिवाय घरभाडं. पुढे पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचे, बहुधा दर वेळी नवा देश. जर्मन विद्यापीठांत पीएचडीनंतर साधारण सहा वर्षंच करारावर ठेवता येतं, असा कायदाच आहे. नवरा एका देशात, आपण दुसऱ्यात, हे आमच्यात इतकं नेहमीचं आहे की कुणी विचारतही नाही. मला ते अजून पचलेलं नाही.

बाणेरचा_बाजीराव
मी हेच करून बाहेर पडलो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर पीएचडी, एक पोस्टडॉक, आता विम्याच्या आकडेवारीत. पगार बरा, झोप उत्तम.

ताईंनी क्ष-किरणांचं सांगितलं, मी रेडिओचं सांगतो. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दोन समूह एकमेकांवर आदळले की वायूतले इलेक्ट्रॉन वेग पकडतात आणि समूहभर रेडिओ लहरींची फिकट आभा पसरते. तिचा शोध घेणारं एक मोठं सर्वेक्षण इटलीतल्या मंडळींनी आपल्या खोडदच्या अँटेनांवर केलं! अर्ज वर्षातून दोनदा मागवतात, जगात कुणीही करावा.

आणि सरस्वती विसरू नका. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले जयदीप बागची आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला महासमूह, चार अब्ज प्रकाशवर्षं लांब, पसारा साठ कोटी प्रकाशवर्षांचा. तो सापडला स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या माहितीत, जी कुणालाही फुकट मिळते.

कोमानिवासी, पोस्टडॉकच्या हालांबद्दल तुम्ही फारच सौम्य लिहिलंत.

कोमानिवासी
बाजीराव, मुलीचे वडील वाचतायत, जरा दमानं!

मिरजकर_अण्णा
दोघांचे आभार. हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, इरोसिटाचं मला आधीच माहीत होतं. आता दोनच प्रश्न. आत्ता तिनं काय करावं? आणि बाहेर गेलेली माणसं परत येऊ शकतात का?

कोमानिवासी
येतात, आयुका, एनसीआरए, आयसर अशा संशोधनसंस्थांमध्ये माझ्या ओळखीतले आहेत. पण जागा कधी निघेल आणि त्या वर्षी आपला विषय त्यांना हवा असेल का, हे आपल्या हातात नाही. चाळिशीच्या आसपास कायमची नोकरी लागली तर आमच्यात उशीर झाला असं म्हणत नाहीत.

आत्तासाठी: एमएस्सीला जॅम ही प्रवेशपरीक्षा, पुढे पीएचडीला जेस्ट. उन्हाळ्यात आयुका आणि एनसीआरए विद्यार्थ्यांना छोट्या प्रकल्पांवर घेतात, त्यासाठी अर्ज टाकायला सांगा. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञानमेळा भरतो, तुम्हीही जा, आजींनाही न्या. आणि इरोसिटाच्या जर्मन अर्ध्याची पहिल्या फेरीची माहिती ३१ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुली आहे. मिरजेत बसून उतरवता येते. डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून त्यातल्या एखाद्या जवळच्या समूहाची फाइल उघडायला सांगा. फोटॉन मोजून वायूचा पसारा किती हे तिनं स्वतः काढावं. अडलं तर तिनं इथेच विचारावं, व्यक्तिगत निरोप बघायचं माझ्या ध्यानात राहत नाही.