फील्ड प्रोजेक्टचा विषय टिकाऊ कसा बांधावा?

माळरान_भूगोल
आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला २ क्रेडिट्स, म्हणजे ६० तास. मुलं मागच्या वर्षीची फाइल उतरवतात, स्पायरल बायंडिंग करतात, तोंडी झाली की विसरतात. त्यांच्या अंगी काही मुरावं आणि गावालाही उपयोग व्हावा, असा विषय कसा बांधू?

काळाखडक
सर, दरवर्षी नवा विषय देऊ नका. एकच गाव धरा आणि त्यातल्या ठरलेल्या विहिरी. सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तेच महिने धरलेत तर आकडे ताडून पाहता येतील. टेपला वजन बांधून आत सोडायची, कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजायचं, कठड्याची उंची वजा करायची. मोटर चालू असेल किंवा नुकतीच बंद झाली असेल, तर ते माप धरायचं नाही. महसूल मंडळनिहाय पाऊस महारेन या सरकारी संकेतस्थळावर मिळतो.

आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी कुजलेल्या खडकात आणि भेगांत साठतं, आणि त्या सगळीकडे सारख्या नसतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींतली एक फेब्रुवारीतच तळ दाखवते, दुसरी मेपर्यंत तग धरते. असं का, हे पोरं विहीरमालकाला विचारू लागली की भूगोल खरा सुरू होतो!

आणि गुण अहवालाच्या पानांना नको, मापांच्या नोंदवहीला द्या. मागच्या तुकडीची संशयास्पद मापं शोधली का? पुढच्या तुकडीला तीच विहीर सापडेल अशी नोंद केली का? अशी वही उतरवता येत नाही, कारण पाणी यंदाचं असतं.

सरासरी_बाई
संख्याशास्त्राची मुलंही सोबत घ्या. फक्त दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून 'पातळी घटली' असं लिहू देऊ नका. एका पावसाळ्याने चित्र पालटतं.

माळरान_भूगोल
पटलं. पण मेमध्ये कॉलेजला सुट्टी असते, आणि नेमकं तेच माप महत्त्वाचं.

काळाखडक
म्हणून गाव असं निवडा, जिथून तुमच्याकडे मुलं येतात. ती मेमध्ये घरीच असतात. ते तास ६० मध्येच धरले जावेत, हे अभ्यास मंडळाकडून आधी लेखी मंजूर करून घ्या. विहीरमालकाची परवानगी घ्या आणि त्याच्या विहिरीचा आलेख दरवर्षी आधी त्याला दाखवा, मग विभागात लावा.