हिवाळ्यात अंगणातल्या तळ्यातील गोल्डफिश कसे सांभाळावेत?

प्रश्न (न्यू जर्सी)
आम्ही नुकत्याच घेतलेल्या घराच्या मागच्या अंगणात साधारण अडीच फूट खोल तळे असून त्यात बरेचसे कॉमेट जातीचे गोल्डफिश आणि दोन ओरांडा (गोल्डफिशचीच गोलमटोल अंगाची जात) आहेत. कडाक्याच्या थंडीत हे पाणी वरून गोठेल, तेव्हा सगळे मासे घरात आणावेत की तळ्यात हीटर बसवावा? शेजाऱ्यांच्या मते काहीच करण्याची गरज नाही, पण ते मनाला पटत नाही.

उत्तर (मिनेसोटा)
कॉमेट खुशाल बाहेर राहू द्यावेत. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाशी साधारण तेवढे तापमान टिकते आणि मासे तिथे जवळजवळ निश्चल राहून हिवाळा काढतात. आमच्याकडे थंडी जास्त असल्याने अडीच फूट खोली अपुरी पडेल, तुमच्याकडे सहसा पुरते. खरा धोका पृष्ठभाग पूर्ण बंद होण्याचा असतो, कारण तळाशी कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि त्यातून निघणाऱ्या विषारी वायूंना बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून पानगळीआधी तळ्यावर जाळी ताणावी व गाळ उपसावा. सगळे तळे तापवणारा हीटर म्हणजे निव्वळ वीजबिलाची भरती. थर्मोस्टॅट असलेला तरंगता डी-आयसर (बर्फ धरू न देणारे छोटे उपकरण) ताटाएवढी जागा मोकळी ठेवतो, तेवढी पुरे.

उत्तर (पेनसिल्व्हेनिया)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ओरांडा बाहेर ठेवू नयेत. गोलमटोल अंगाच्या या जातींना गोठणारे पाणी सोसत नाही. पाणी १५ अंशांच्या खाली उतरण्याआधी त्यांना फिल्टर लावलेल्या मोठ्या टबात आणावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषध घालून आधी घालवावे आणि माशांची पिशवी काही वेळ टबात तरंगत ठेवून मगच त्यांना सोडावे. तळ्यातील पाणी १० अंशांखाली गेले की खाणे पूर्ण बंद करावे, कारण त्या थंडीत माशांचे पचन जवळपास थांबते. जानेवारीत एखाद्या उबदार दुपारी ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि आपला हात डब्याकडे जातो, तो आवरावा. हवेचा पंप लावायचा असेल तर त्याचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी न ठेवता पृष्ठभागाच्या जवळ ठेवावा, अन्यथा तळाचे ऊबदार पाणी वर खेचले जाऊन सगळे तळे थंड पडते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. वादळात वीज गेली आणि पृष्ठभाग पूर्ण गोठला, तर बर्फ फोडावा का?

उत्तर (मिनेसोटा)
हातोडा मुळीच मारू नये; त्या आघाताच्या लाटा पाण्यातून थेट माशांपर्यंत पोहोचतात. गरम पाण्याने भरलेले पातेले बर्फावर टेकवून ठेवावे आणि भोक पडेपर्यंत पाणी बदलत राहावे. पातेल्याला दोरी बांधावी, नाहीतर भोक पडताच तेच तळाला जायचे. भोकातून कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर गाळ बराच राहिला आहे असे समजावे. मग वीज येईपर्यंत ते भोक पुन्हा बुजू देऊ नये आणि बर्फ वितळताच थोडे पाणी बदलावे.