व्हॅक्यूममध्ये रेझिन उतू जातं त्याबद्दल

एका ताईंनी विचारलंय, साच्यात ओतायच्या रेझिनमधले (घट्ट होऊन प्लास्टिकसारखं कडक होणारा द्रव) बुडबुडे काढायला त्याचा कप व्हॅक्यूमच्या बंद भांड्यात ठेवून हवा उपसणारा पंप सुरू केला, की रेझिन कपाबाहेर का येतं? दाब कमी झाला की आत अडकलेली हवा फुगते आणि दूध उतू जावं तसा फेस वर चढतो. म्हणून कप एक-तृतीयांशच भरा. फेस काठाशी आला की भांड्यात हवा परत सोडणारा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, खाली बसला की परत बंद. फेस एकदा कोसळला की बुडबुडे काढायचं बहुतेक काम झालं. उगाच पंप चालू ठेवू नका, कपात साठलेलं इपॉक्सी (म्हणजे हे रेझिन) तापून लवकर घट्ट होतं.

सुकी फुलं किंवा लाकूड घालणार असाल तर मात्र ओतल्यावरही त्यांतून हवा सुटते. त्यांना आधी रेझिनचा पातळ हात मारून सुकू द्या. थंडीत रेझिन दाट होतं, म्हणून त्याची बाटली, झाकण घट्ट लावून, कोमट पाण्यात ठेवा.